घरगुती बिअर, ताडी आणि नीरा : छोट्या उत्पादकाने विक्रीपूर्वी जाणून घ्यावयाचा कायदा

तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमपासून जवळच, कावेरीच्या काठी तिरुविडैमरुदूर हे तालुक्याचे गाव आहे. तंजावरच्या भोसले घराण्यातील अमरसिंह १७९८ मध्ये गादीवरून दूर झाल्यावर येथेच वास्तव्यास आले. त्यामुळे मराठी वाचकाला हे नाव अगदीच परके नाही. कृषी क्षेत्रात काम करणाऱ्यांना या तालुक्याची आणखी एक ओळख आहे. येथील आडुतुरै येथे १९२२ मध्ये भात संशोधन केंद्र सुरू झाले आणि 'एडीटी' या आद्याक्षरांनी सुरू होणारे अनेक भात वाण तेथूनच प्रसारित झाले. भात, केळी, ऊस आणि बांधांवरचे व परसातले माड हे या भागाचे पीकचित्र आहे.

तांदूळ, केळी आणि माडाचा रस हे तिन्ही पदार्थ किण्वनक्षम आहेत, म्हणजेच त्यांच्यापासून मद्य तयार होऊ शकते. त्यामुळे छोट्या प्रमाणावर घरी बिअर किंवा तत्सम पेय तयार करून स्थानिक बाजारात विकता येईल काय, हा प्रश्न युवा शेतकरी आणि शेतकरी उत्पादक कंपन्या यांच्याकडून विचारला जाणे स्वाभाविक आहे. परदेशात छोट्या बिअर उत्पादकांना मिळणारा भाव आणि महानगरांतील मायक्रोब्रुअरींची लोकप्रियता पाहून या प्रश्नाला बळ मिळते. उत्तर चुकले तर होणारे नुकसान केवळ भांडवलापुरते मर्यादित राहत नाही. उत्पादकावर फौजदारी गुन्हा दाखल होऊ शकतो. म्हणून या विषयाची कायदेशीर चौकट आणि त्या चौकटीत बसणारा सर्वांत जवळचा पर्याय, म्हणजे नीरा, यांची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे. कोकणातील माडबागायतदारांनाही ती उपयुक्त ठरेल.

घरी तयार करणे आणि विकणे : दोन स्वतंत्र बाबी

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. अमुक देशात घरी बिअर करण्यास मुभा आहे असे आपण वाचतो, तेव्हा ती मुभा जवळजवळ नेहमी स्वतःच्या घरच्या वापरापुरती असते. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठीची परवान्याची अट १९६३ मध्ये रद्द झाली. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने प्रत्येक प्रौढ व्यक्तीस वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, आणि एकाहून अधिक प्रौढ असलेल्या कुटुंबास २०० गॅलनपर्यंत बिअर करमुक्त तयार करण्याची सवलत मिळाली. मात्र दोन्ही देशांत ही बिअर विकण्यास परवानगी नाही. एक बाटली जरी विकावयाची असेल, तरी उत्पादकाला नोंदणी, कर आणि अन्नसुरक्षा यांचे व्यावसायिक नियम लागू होतात.

भारतात ही रेषा अधिक कडक आहे. येथे बहुतेक राज्यांत विक्रीच नव्हे, तर अनुज्ञप्तीशिवाय मद्य तयार करणे हाच गुन्हा ठरतो. 'छोट्या प्रमाणावर' किंवा 'केवळ ओळखीच्या लोकांना' हा बचाव कायद्यास मान्य नाही.

कायद्याची चौकट

मद्यविषयक कायदा समजून घेण्यासाठी पुढील चार मुद्दे पुरेसे आहेत.

१. राज्याचा अधिकार : संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीमधील नोंद ८ अन्वये मादक पेयांचे उत्पादन, निर्मिती, ताबा, वाहतूक, खरेदी आणि विक्री हे विषय राज्यांकडे आहेत. मानवी सेवनासाठीच्या मद्यावर उत्पादन शुल्क आकारण्याचा अधिकारही नोंद ५१ अन्वये राज्यांकडेच आहे. त्यामुळे एका राज्यात वैध असलेला व्यवसाय शेजारच्या राज्यात दंडनीय असू शकतो.

२. हक्क नव्हे, सवलत : अनुच्छेद ४७ मध्ये औषधी उपयोग वगळता मादक पेयांच्या सेवनास मनाई करण्यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. खोडे डिस्टिलरीज विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये स्पष्ट केले की, मद्याचा व्यापार करण्याचा मूलभूत हक्क नागरिकास नाही. राज्य हा व्यापार पूर्णतः बंद करू शकते, स्वतःकडे राखू शकते किंवा अटींवर इतरांना देऊ शकते.

३. अन्नसुरक्षा : मद्य हे कायद्याच्या दृष्टीने अन्नही आहे. अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम, २००६ त्यास लागू होतो. 'अन्न सुरक्षा आणि मानके (मद्यार्कयुक्त पेये) विनियम, २०१८' हे १ एप्रिल २०१९ पासून अंमलात आले. त्यांनुसार आकारमानाने ०.५ टक्क्यांहून अधिक मद्यार्क असलेले पेय मद्यार्कयुक्त ठरते. हा आकडा लक्षात ठेवावा. नीरेच्या संदर्भात तो पुन्हा येणार आहे.

४. कर : मानवी सेवनासाठीचे मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर आहे. त्यावर राज्याचे उत्पादन शुल्क व मूल्यवर्धित कर लागतो. तयार पदार्थ मद्य आहे की नाही, यावरून करव्यवस्थाच बदलते.

तमिळनाडूतील स्थिती

तमिळनाडूत आजही लागू असलेला मूळ कायदा १९३७ चा आहे. राजाजींच्या मंत्रिमंडळाने तत्कालीन मद्रास प्रांतात तो आणला आणि त्याच वर्षी सेलम जिल्ह्यापासून दारूबंदीस आरंभ झाला. पुढे १९७१ मध्ये बंदी शिथिल झाली, काही वर्षांतच ती पुन्हा लागू झाली आणि १९८१ मध्ये पुन्हा उठली. १९८३ मध्ये घाऊक व्यापारासाठी 'तमिळनाडू स्टेट मार्केटिंग कॉर्पोरेशन', म्हणजेच 'टॅस्मॅक', स्थापन झाले. १ जानेवारी १९८७ पासून ताडीवर बंदी आली, ती आजतागायत कायम आहे. ताडीवरील बंदी उठवावी, अशी मागणी तेथील शेतकरी संघटना सातत्याने करत आल्या आहेत. २००३ मध्ये किरकोळ विक्रीही 'टॅस्मॅक'च्या हाती गेली.

या अधिनियमाच्या कलम ४ ची व्याप्ती विस्तार कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावी. अनुज्ञप्ती किंवा सूट नसताना मद्य तयार करणे, बाळगणे, वाहून नेणे, बाटलीत भरणे, विकणे आणि विकत घेणे ही सर्व कृत्ये त्यात येतात. ताडी देणाऱ्या झाडातून रस काढणे आणि ब्रुअरी उभारणे हेही त्यात आहे. आणखी दोन बाबी सहसा दुर्लक्षिल्या जातात. मद्यनिर्मितीच्या हेतूने साहित्य, भांडी वा उपकरणे जवळ ठेवणे हा स्वतंत्र अपराध आहे. तसेच आपल्या ताब्यातील जागेत असे कृत्य होऊ देणारी व्यक्तीही जबाबदार ठरते. याचा अर्थ असा की, शेतघर भाड्याने देणारा किंवा आपले माड दुसऱ्यास रस काढण्यासाठी देणारा शेतकरी 'मी स्वतः काही केले नाही' असे म्हणून सुटू शकत नाही. वाहतुकीसाठी वापरलेले वाहनही जप्त होऊ शकते.

माल्ट, यीस्ट आणि हॉप्स बाजारात उघडपणे मिळतात, म्हणून बिअर करणेही वैध असावे, हा तर्क येथे टिकत नाही. कायदा पदार्थाकडे नव्हे, तर तो बाळगण्यामागच्या हेतूकडे पाहतो.

जून २०२४ मध्ये कल्लकुरिची येथे मिथेनॉलमिश्रित दारूने ६० हून अधिक माणसे दगावली. त्यानंतर राज्याने याच अधिनियमात सुधारणा करून शिक्षा बऱ्याच वाढविल्या. विषारी दारूमुळे मृत्यू ओढवल्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद झाली. शास्त्रीय दृष्ट्या धान्य वा रस आंबवून केलेल्या पेयात घातक प्रमाणात मिथेनॉल सहसा तयार होत नाही. अशा दुर्घटनांमागे औद्योगिक मिथेनॉलची भेसळ असते. परंतु अंमलबजावणी यंत्रणेच्या दृष्टीने विनाअनुज्ञप्ती पेय हे विनाअनुज्ञप्तीच असते. कल्लकुरिचीनंतर यंत्रणेची दक्षता वाढलेली असणार, हे गृहीत धरूनच सल्ला द्यावा.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर स्पष्ट होते. तिरुविडैमरुदूरच्या शेतकऱ्यास घरी बिअर तयार करून विकता येत नाही. घरगुती बिअरसाठी स्वतंत्र अनुज्ञप्तीची तरतूद तेथील कायद्यात नाही. मोठी ब्रुअरी उभारावयाची म्हटली तरी राज्यात माल घेणारा घाऊक खरेदीदार एकच, म्हणजे 'टॅस्मॅक', आहे. कच्चा माल पुरविण्याचा मार्ग मात्र खुला आहे. भारतीय बिअर उद्योग बार्ली माल्टच्या जोडीला तांदळाची कणी वापरतो. कणी विकणे हा धान्याचा साधा व्यापार असून त्यास मद्याची अनुज्ञप्ती लागत नाही. भात उत्पादकांच्या कंपनीने प्रतवारी केलेली, स्वच्छ कणी उद्योगास पुरविणे हे घरगुती बिअरच्या विचारापेक्षा अधिक सुरक्षित पाऊल आहे.

अन्य राज्यांनी छोट्या उत्पादकास दिलेली वाट

तुलनेसाठी तीन राज्यांची उदाहरणे पाहू.

केरळ : राज्याने २०२२ मध्ये छोट्या वायनरींसाठी स्वतंत्र नियम केले. धान्य वगळता राज्यातील फळे व अन्य कृषी उत्पादनांपासून कमी मद्यार्काची वाइन तयार करण्यास त्यांत अनुज्ञप्तीची तरतूद आहे. केरळ कृषी विद्यापीठाने 'निळा' या नावाने केळी, अननस आणि काजूबोंडाची वाइन विकसित करून या वाटेने आरंभ केला. धान्य वगळल्यामुळे बिअर मात्र या नियमांत बसत नाही.

महाराष्ट्र : येथे १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू असून त्याची अंमलबजावणी राज्य उत्पादन शुल्क विभाग करतो. २००१ च्या द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरणाने वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली. नाशिक परिसरातील वायनरींची वाढ त्यातून झाली. बिअरच्या बाबतीत उपाहारगृहाशी जोडलेल्या मायक्रोब्रुअरींना वाट मिळाली आणि २००९ मध्ये पुण्यात तशी पहिली ब्रुअरी सुरू झाली. मात्र हा भांडवली उद्योग आहे. अनुज्ञप्ती विशिष्ट जागेस मिळते, राहत्या घरास नाही.

गोवा : १९६४ च्या उत्पादन शुल्क कायद्याखाली काजू आणि माडाच्या फेणीचे पारंपरिक उत्पादक अनुज्ञप्तीच्या चौकटीत काम करतात. काजू फेणीस २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. माडाची सूर काढणारे 'रेंदेर' यांनाही झाडांसाठी परवाना घ्यावा लागतो.

या तिन्ही उदाहरणांतून एकच गोष्ट दिसते. छोट्या उत्पादकास जेथे संधी मिळाली, तेथे ती विशिष्ट पिकाला, विशिष्ट पदार्थाला आणि नोंदलेल्या जागेला मिळाली. 'घरगुती मद्य' या सर्वसाधारण नावाखाली यांपैकी कोणत्याही राज्याने बाजारपेठ खुली केलेली नाही. त्यामुळे शेतकऱ्याने 'मला मद्य करता येईल का?' असे न विचारता 'माझ्या राज्यात माझ्या पिकासाठी कोणता नियम आहे?' असे विचारावे.

नीरा : कायद्याने दिलेला जवळचा पर्याय

माडाच्या न उमललेल्या पोयीचा शेंडा कापल्यावर पाझरणारा गोड, न आंबलेला रस म्हणजे नीरा. तोच रस आंबला की त्याची माडी किंवा ताडी होते. तमिळमध्ये ताडीस 'कळ्ळु' आणि चुना लावलेल्या भांड्यात गोळा केलेल्या ताडवृक्षाच्या गोड रसास 'पदनीर' म्हणतात. ताडवृक्ष हा तमिळनाडूचा राज्यवृक्ष असून पदनीर व ताडगूळ यांची तेथे जुनी परंपरा आहे.

माडाच्या नीरेस तमिळनाडूत रीतसर वाट मिळाली ती २०१७ मध्ये. त्या वर्षी राज्याने नियम करून माडापासून नीरा काढण्यास व विकण्यास सशर्त परवानगी दिली. ही परवानगी नारळ उत्पादकांच्या नोंदणीकृत संस्थांमार्फत मिळते. नारळ विकास मंडळाने अशा संस्थांची त्रिस्तरीय रचना केली आहे : गावपातळीवर उत्पादक सोसायटी, त्यावर फेडरेशन आणि त्यावर उत्पादक कंपनी. एकट्या शेतकऱ्याने आपल्या चार माडांना मडकी बांधणे या चौकटीत बसत नाही. संस्थेचे सभासदत्व, झाडांची नोंद आणि अनुज्ञप्ती या तिन्ही गोष्टी आधी हव्यात.

तंजावर जिल्ह्यातील माडांचे मोठे क्षेत्र पट्टुक्कोट्टै आणि पेरावूरणी भागांत एकवटलेले आहे. तिरुविडैमरुदूरमध्ये माड बांधांवर व परसांत विखुरलेले आहेत. रस तासांच्या हिशेबाने खराब होत असल्याने विखुरलेली झाडे ही तेथील खरी अडचण आहे. कोकणातही अनेक गावांत हीच स्थिती आढळते. म्हणून गट स्थापन करताना सभासदसंख्येपेक्षा एका संकलन केंद्राच्या टप्प्यात किती झाडे येतात, याचा विचार आधी करावा.

गुन्ह्याची रेषा : ०.५ टक्के

नीरेच्या व्यवसायात सर्वांत मोठा कायदेशीर धोका हेतूचा नसून वेळेचा आहे. सकाळी वैध असलेला रस दुपारपर्यंत मद्य ठरू शकतो. याचे गणित समजून घेऊ.

ताज्या रसात साधारणतः १५ टक्के साखर असते. हवेतील, पोयीवरील आणि भांड्यातील यीस्ट व जिवाणू रस पाझरू लागताच कामाला लागतात. प्रथम आम्लता वाढते, पाठोपाठ साखरेचे मद्यार्कात रूपांतर होते आणि शेवटी मद्यार्काचे ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगर, होते. उष्ण हवेत एका दिवसात रसातील मद्यार्क ४ ते ५ टक्क्यांवर जाऊ शकतो. ही पातळी साधारण बिअरइतकीच आहे.

आता कायद्याची मर्यादा पाहा. १०० मिलिलिटर रसात आकारमानाने ०.५ टक्के मद्यार्क म्हणजे सुमारे ०.४ ग्रॅम. तेवढा मद्यार्क तयार होण्यास सुमारे ०.८ ग्रॅम साखर पुरते. रसातील एकूण साखर १५ ग्रॅम आहे. म्हणजे साखरेचा जेमतेम विसावा भाग आंबला, तरी पेय मर्यादेपर्यंत पोहोचते. त्या वेळी रस चवीला गोडच लागतो आणि साखर मोजणाऱ्या साध्या ब्रिक्समापकावरही फरक एक अंशापेक्षा कमी दिसतो. जीभ आणि ब्रिक्समापक या दोहोंवर विसंबून नीरा वैध आहे असे म्हणता येत नाही.

त्यामुळे तपासणीचा भर तापमान आणि सामू यांवर असावा. ताज्या, थंड ठेवलेल्या रसाचा सामू ७ किंवा त्याहून थोडा अधिक असतो. तो ६ च्या दिशेने उतरू लागला की किण्वन सुरू झाले असे समजावे. असा रस पेय म्हणून विकू नये. चुना वापरलेल्या रसात सामू कृत्रिमरीत्या वाढलेला असतो, म्हणून तेथे केवळ सामूवर भरवसा ठेवू नये. मद्यार्काचे प्रत्यक्ष प्रमाण प्रयोगशाळेतून ठरावीक काळाने तपासून घ्यावे आणि त्या अहवालांची नस्ती ठेवावी. वाद उद्भवल्यास ही नस्तीच संस्थेचा पहिला आधार असते.

शीत संकलन पद्धती

पारंपरिक पद्धतीत मडक्यास आतून चुना लावतात. चुन्यामुळे किण्वन मंदावते, पण थांबत नाही. शिवाय चुन्याची चव रसात उतरते. कासरगोड येथील केंद्रीय रोपवन पिके संशोधन संस्थेने यावर शीत संकलनाचा उपाय विकसित केला. उष्णतारोधक पेटीत बर्फ ठेवून त्यात अन्नयोग्य पिशवी वा भांडे बसवतात आणि पेटी थेट पोयीला जोडतात. रस पाझरल्याक्षणी थंड होतो. या पद्धतीने मिळालेल्या रसास संस्थेने 'कल्परसा' हे नाव दिले आहे. त्याचा रंग सोनेरी-तपकिरी असून सामू किंचित अल्कधर्मी असतो. उघड्या मडक्यातील आंबू लागलेला रस मात्र पांढुरका आणि उग्र वासाचा दिसतो. रंगातील हा फरक बागेत झटपट पारख करण्यास उपयोगी पडतो.

या पद्धतीचा लाभ दुहेरी आहे. गुणवत्ता टिकते आणि उत्पादक कायद्याच्या सीमेपासून दूर राहतो. मात्र बर्फाची साखळी बागेपासून विक्रीकेंद्रापर्यंत कोठेही तुटता कामा नये. सकाळी व संध्याकाळी ठरलेल्या वेळी रस उतरवणे, पिशव्या दर वेळी बदलणे, उपकरणांचे निर्जंतुकीकरण करणे आणि रस ४ अंश सेल्सिअसच्या आत साठवणे ही किमान शिस्त आहे.

पेय विकावे की साखर करावी?

एका माडापासून दिवसाला साधारण २ लिटर रस मिळतो. जात, वय, ऋतू आणि व्यवस्थापन यांनुसार हे प्रमाण बदलते. म्हणजे ५० माडांपासून दिवसाला सुमारे १०० लिटर रस आणि तो आटवल्यास साधारण १२ ते १५ किलो माडाची साखर मिळू शकते. रस काढलेल्या पोयीला नारळ धरत नाहीत, हे उत्पन्नाचा हिशेब करताना विसरू नये.

पेय म्हणून नीरा विकताना भाव चांगला मिळतो, पण प्रत्येक तासाला जोखीम वाढते. रस बागेजवळच आटवून साखर, गूळ किंवा पाक केल्यास किण्वनाचा प्रश्न मिटतो, साठवण सोपी होते आणि पदार्थ मद्याच्या कक्षेत येण्याची शक्यता उरत नाही. अर्थात, रस काढण्याची अनुज्ञप्ती येथेही लागतेच. ग्राहक एका तासाच्या अंतरावर असेल आणि बर्फाची खात्रीशीर सोय असेल तरच पेयाचा विचार करावा. अन्यथा साखरेस प्राधान्य द्यावे.

व्हिनेगरबाबत विशेष सावधगिरी बाळगावी. माडाच्या रसाचे व्हिनेगर हा अन्नपदार्थ असला आणि त्यासाठी किमान ३.७५ टक्के ॲसिटिक आम्लाचे मानक ठरलेले असले, तरी तयार होताना तो पदार्थ मद्यार्काच्या टप्प्यातून जातो. म्हणजे काही दिवस उत्पादकाच्या ताब्यात प्रत्यक्षात ताडीच असते. म्हणून व्हिनेगर सुरू करण्यापूर्वी उत्पादन शुल्क कार्यालयाचे लेखी मत घ्यावे.

अनुज्ञप्तीचा क्रम : संस्थेने करावयाची कार्यवाही

१. नोंदणीकृत संस्थेचे सभासदत्व घ्यावे व संस्थेचा ठराव करून घ्यावा.
२. रस काढावयाच्या झाडांची सर्वेक्षण क्रमांकानुसार यादी करावी. झाडांना क्रमांक द्यावेत व मालकांची लेखी संमती घ्यावी. तंजावर मर किंवा अन्य रोगाची लक्षणे असलेले माड निवडू नयेत.
३. तमिळनाडूत जिल्हाधिकारी कार्यालयातील दारूबंदी व उत्पादन शुल्क शाखेशी, तर महाराष्ट्रात राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा अधीक्षक कार्यालयाशी संपर्क साधून प्रचलित नियम, नमुना अर्ज व शुल्क यांची माहिती घ्यावी. तोंडी आश्वासनावर काम सुरू करू नये.
४. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 'फॉसकॉस' संकेतस्थळावर उलाढालीनुसार नोंदणी किंवा परवाना घ्यावा. उलाढालीच्या मर्यादा वेळोवेळी बदलतात. अर्जाच्या दिवशी लागू असलेली मर्यादा पाहावी.
५. बंद पाकिटातून विक्री असल्यास वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार निव्वळ प्रमाण, कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि तारीख छापावी. 'थंड ठेवावे' ही सूचना ठळक असावी.
६. माडावर चढणाऱ्या नीरा तंत्रज्ञांचे प्रशिक्षण व अपघात विमा करून घ्यावा. नारळ विकास मंडळाची 'केरा सुरक्षा' ही विमा योजना त्यासाठी आहे.
७. दैनंदिन नोंदवही ठेवावी. झाडाचा क्रमांक, रस उतरविल्याची वेळ, प्रमाण, तापमान, सामू, विक्री आणि नष्ट केलेला रस हे सात रकाने त्यात असावेत. आंबलेला रस नष्ट केल्याची नोंद विशेष महत्त्वाची आहे. ती नसल्यास तो रस ताडी म्हणून विकला गेला, असा संशय घेण्यास जागा राहते.

प्रक्रियेविषयी तांत्रिक साहाय्य हवे असल्यास तंजावर येथील राष्ट्रीय अन्न तंत्रज्ञान, उद्योजकता व व्यवस्थापन संस्था या भागातील शेतकऱ्यांना सोयीची आहे. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी आपल्या जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्राकडे विचारणा करावी.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

किण्वित पेयांबाबत सल्ला देताना तीन पथ्ये पाळावीत. प्रथम, दुसऱ्या राज्यातील यशोगाथा सांगताना तेथील कायदाही सांगावा. केरळमधील केळी वाइनचे छायाचित्र दाखवून तिरुविडैमरुदूरच्या शेतकऱ्यास प्रोत्साहन देणे म्हणजे त्याला अडचणीत लोटणे होय. दुसरे, प्रात्यक्षिक म्हणूनही किण्वित पेय तयार करू नये. प्रशिक्षणाच्या हेतूने केलेले मद्यही कायद्याच्या दृष्टीने मद्यच असते. तिसरे, पिढ्यान्‌पिढ्या माडाचा रस काढणाऱ्या कुटुंबांना नव्या योजनेत आधी स्थान द्यावे. त्यांचे कौशल्य मोलाचे आहे आणि कारवाईची झळही आजवर त्यांनाच सर्वाधिक बसत आली आहे. अनुज्ञप्ती संस्थेच्या नावे असली, तरी झाडावर तेच असतात. म्हणून ओळखपत्र आणि परवान्याची प्रत त्यांच्याजवळ असेल, याची खात्री करावी.

सारांश

घरी बिअर तयार करून विकण्यास तमिळनाडूत वाव नाही आणि महाराष्ट्रातही राहत्या घरास तशी अनुज्ञप्ती मिळत नाही. छोट्या उत्पादकास कायदा जी वाट देतो, ती पीकनिहाय, पदार्थनिहाय आणि बहुतांशी संस्थेमार्फत आहे. माडबागायतदारांसाठी ती वाट नीरा आणि माडाची साखर यांची आहे. या व्यवसायात अनुज्ञप्ती घेतली, तरी वैधता दररोज, प्रत्येक पिशवीगणिक टिकवावी लागते. गुंतवणूक करण्यापूर्वी संबंधित कार्यालयाकडून त्या दिवशी लागू असलेले नियम लेखी स्वरूपात मिळवावेत आणि मगच पहिल्या पोयीला हात लावावा.